वर्गणी बंद करायला निघाले होते, तेव्हा मला उत्तर लिहिणाऱ्या तुम्हाला

स.न.वि.वि.

तुमचं नाव मला माहीत नाही. मेलखाली फक्त ‘सहायता विभाग’ एवढंच होतं. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे, कधीतरी तुमच्यापर्यंत पोचेल.

गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्या तुमच्या ॲपची वार्षिक वर्गणी आपोआप पुढे सुरू झाली आणि खात्यातून पैसे गेले, त्या रात्री मी तुम्हाला मेल केला होता. ॲप मी तीन आठवड्यांपूर्वीच फोनमधून काढून टाकलं होतं, त्यामुळे फसवणूक झाली असंच वाटलं. तावातावाने बरंच लिहिलं. त्यात एक वाक्य मात्र रागाचं नव्हतं, दुःखाचं होतं: ११२ दिवस एकही खाडा न करता धडे केले, आणि काय शिकलात असं कुणी विचारलं तर मला धड दोन वाक्यं सांगता येत नाहीत.

तुम्ही आधी पैशांचं बोललात, ते बरं केलंत. ॲप काढून टाकलं म्हणून वर्गणी थांबत नाही. ती फोनच्या ॲप स्टोअरमधून घेतली असेल तर तिथल्याच खात्यात जाऊन बंद करावी लागते, परताव्याची विनंतीही तिथेच करायची. कुठे जाऊन काय दाबायचं, ते तुम्ही एकेक पायरी करून लिहिलं होतं. माझ्या कडवट शब्दांना एकही कडवट शब्द परत आला नाही. वर्गणी घेणाऱ्या प्रत्येकाला ही माहिती पहिल्याच दिवशी ठळकपणे मिळायला हवी, हे माझं म्हणणं आजही कायम आहे.

आणि मग खाली तुम्ही विचारलं होतंत, ‘धड्यातला स्लायडर, म्हणजे आकडा कमी-जास्त करायची पट्टी, सरकवण्याआधी काय होईल याचा अंदाज तुम्ही कागदावर लिहिता का?’

नव्हते लिहीत. रात्री बाराला दहा मिनिटं कमी असताना सलग दिवसांचा आकडा तुटू नये म्हणून सोप्यातला सोपा धडा उघडायचा, दोन-तीन पर्याय दाबून बघायचे, हिरवी खूण आली की झोपायचं. चुकलं तर लगेच ‘स्पष्टीकरण’. ते वाचताना सगळं पटायचं, आणि पटलं म्हणजे कळलं असं मी धरून चालले होते.

परताव्याचा अर्ज अर्धा भरून झाला होता. तो तसाच ठेवून ॲप पुन्हा घेतलं आणि लंबकाचा धडा उघडला. या वेळी कागद घेतला. लंबकाची लांबी निम्मी केली तर एका झोक्याला लागणारा वेळ किती? मी लिहिलं: निम्मा. स्लायडर सरकवला. निम्मा झाला नाही. पूर्वी इथेच मी पुढचं बटण दाबलं असतं. पण माझ्याच अक्षरात ‘निम्मा’ समोर लिहिलेलं होतं, आणि ते खोडल्याशिवाय पुढे जाववेना.

दुसऱ्या दिवशी दोऱ्याला कुलूप बांधलं आणि दाराच्या चौकटीच्या खिळ्याला टांगलं. खिळ्यापासून कुलपाच्या मध्यापर्यंत एक मीटर. जाऊन परत येणं म्हणजे एक झोका. असे दहा झोके मोजले, २० सेकंद. दोरा ५० सेंटिमीटर केला, १० सेकंद येतील म्हणून वाट पाहिली, आले १४. आणखी आखडून २५ सेंटिमीटर केला, तेव्हा कुठे १० आले. म्हणजे वेळ निम्मा करायचा तर लांबी चौथाई करावी लागते; वेळ लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. शाळेत वर्गमूळ म्हणजे माझ्यासाठी एक चिन्ह होतं, आकड्याच्या डोक्यावरचं छप्पर. त्या दिवशी चौकटीत उभं राहून मी ते पहिल्यांदा पाहिलं. मग जड कुलूप बांधलं. वेळ तोच. हाही अंदाज चुकला होता, तोही खोडला.

पडद्याला कमी लेखत नाही मी. तीन दारांच्या कोड्यात त्याचाच उपयोग झाला. एका दारामागे बक्षीस, तुम्ही एक दार निवडता, बक्षीस कुठे आहे हे ठाऊक असलेला सूत्रधार उरलेल्यांतलं एक रिकामं दार उघडतो. आता निवड बदलायची का? ‘काय फरक पडतो, अर्धी-अर्धी शक्यता’ असं मी लिहून ठेवलं. धड्यात हजार डाव खेळवले, निवड बदलणाऱ्याच्या जिंकण्याचं प्रमाण दोन-तृतीयांशाच्या आसपास येऊन थांबलं. १९९० मध्ये अमेरिकन स्तंभलेखिका मेरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी हेच उत्तर छापलं तेव्हा त्यांना हजारो पत्रं आली, आणि त्या चुकल्या असं ठणकावून सांगणाऱ्यांत गणितातले डॉक्टरेटवालेही होते. पॉल एर्डशसारख्या गणितज्ञाला ते पटलं तेही संगणकावर डाव पाहिल्यावर. हजार डाव हाताने कोण खेळणार? तिथे ॲपच हवं. फक्त त्याआधी कागदावर आपलं एक मत हवं.

आता माझे रोज धडे होत नाहीत. आठवड्यात दोन होतात, कधी एकच. सलग दिवसांचा आकडा दिसू नये अशी सोय कुठे असेल तर तेवढं कळवा.

आणि एक विचारायचं आहे. कुलूप मी एकदा खूप लांब ओढून सोडलं, दोरा जवळजवळ आडवा होईपर्यंत. दहा झोक्यांना २० सेकंदांहून थोडा जास्तच वेळ लागला, तीनदा मोजून पाहिलं. धड्यातलं सूत्र लहान झोक्यांपुरतंच आहे, हे नंतर शोधून वाचलं. मग त्या धड्यात लंबक किती लांब ओढायचा, याचाही एक स्लायडर द्याल का? धडे लिहिणाऱ्यांपर्यंत एवढा निरोप पोचवा. अंदाज मी आधीच लिहून ठेवला आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक वर्गणीदार