कास्टमागचं कारण समजावून देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत मीटर, रिले, पॅनेल कंट्रोलर यांचं फर्मवेअर, म्हणजे त्यांच्या चिपमधला प्रोग्रॅम, लिहिणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून हे आभाराचं पत्र. स्ट्रिक्ट अलायसिंग, म्हणजे एका टाइपची वस्तू भलत्याच टाइपच्या पॉइंटरने न वाचण्याचा सी भाषेतला नियम, यावरच्या तुमच्या टिपणांच्या झेरॉक्स इथे हातोहात फिरतात. ज्यांच्यापर्यंत त्या पोचल्या नाहीत त्यांनाही उपयोग व्हावा, म्हणून पत्र उघडच लिहितो आहोत.

मॉडबसवर, म्हणजे मीटरशी बोलायच्या ठरलेल्या भाषेत, फ्लोट (दशांशाचा आकडा) येतो तो १६ बिटांच्या दोन रजिस्टरांत. १.० असेल तर हेक्समध्ये एकात ३एफ८०, दुसऱ्यात ००००. दोन्ही योग्य क्रमाने बफरमध्ये ठेवायचे, बफरच्या पत्त्यावर फ्लोट पॉइंटरचा कास्ट मारायचा (इथे फ्लोटच आहे असं कंपायलरला सांगायचं) आणि वाचायचं, ही सर्रास चालणारी पद्धत. डीबग बिल्डमध्ये आकडा बरोबर येतो; -ओ२ (कंपायलरची ऑप्टिमायझेशनची पातळी) लावलं की कधी मागचंच रीडिंग, कधी कचरा. मग खापर कंपायलरवर फुटतं, ऑप्टिमायझेशन बंद होतं, नाहीतर जागोजागी व्होलाटाइल (‘दर वेळी मेमरीतूनच वाच’ असं सांगणारा शब्द) लागतं. ही सवय तुम्ही मोडलीत, आणि नियम घोकायला न लावता मोडलीत.

तुमचं तीन ओळींचं फंक्शन आम्ही नव्या मुलांना पहिल्याच दिवशी दाखवतो. त्याला एक यूइंट३२ (३२ बिटांचा बिनचिन्ही पूर्णांक) पॉइंटर आणि एक फ्लोट पॉइंटर मिळतो. पहिल्यातून ० लिहा, दुसऱ्यातून १.० लिहा, मग पहिल्यातून वाचून परत द्या. दोन्हींना एकच पत्ता दिला तर ३एफ८००००० यायला हवं असं वाटतं, पण -ओ२ वर जीसीसी कंपायलर सरळ ० परत देतो. सी९९ या सी भाषेच्या स्टँडर्डच्या ६.५ कलमातला सातवा परिच्छेद सांगतो की एखादी वस्तू तिच्या स्वतःच्या टाइपमधून, त्याच्या साइन्ड-अनसाइन्ड जोडीदारातून, तो टाइप पोटात असलेल्या स्ट्रक्ट किंवा युनियनमधून (एकाच जागेत अनेक टाइपचे मेंबर), नाहीतर कॅरेक्टर टाइपमधूनच वाचावी. यूइंट३२ आणि फ्लोट यांतलं काहीच नाहीत. म्हणून फ्लोटच्या लिखाणाने पहिली जागा बदललीच नसणार असं कंपायलर धरतो आणि पुन्हा वाचत नाही. हे एकदा कळलं की बफर कास्टने वाचणारं फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये हलवल्यावर ‘दुरुस्त’ का होतं आणि एलटीओ (सगळ्या फाइली एकत्र ऑप्टिमाइझ करणं) लावताच पुन्हा का बिघडतं, तेही आपोआप उलगडतं.

उपाय तुम्ही मेमकॉपीचा, म्हणजे बाइट जसेच्या तसे नकलणाऱ्या फंक्शनचा, दिलात, आणि सोबत कंपायलरने बनवलेली असेंब्ली उघडून दाखवलीत. चार बाइटांची ठरावीक आकाराची मेमकॉपी -ओ२ वर फंक्शन कॉल राहतच नाही. एफपीयू (फ्लोटची गणितं करणारा भाग) असलेल्या कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसरवर ती बहुधा व्हीमूव्ह या एकाच सूचनेवर येते. ‘मेमकॉपी हळू चालते’ हा इथला जुना समज त्या एका लिस्टिंगने गेला. आता आमची रीत ठरलेली आहे: वरचं रजिस्टर आधी यूइंट३२ मध्ये कास्ट करायचं, मग १६ ने डावीकडे शिफ्ट, खालचं रजिस्टर ऑर, मग फ्लोटमध्ये मेमकॉपी, आणि दोन्हींचा आकार सारखा आहे हे कंपाइल होतानाच स्टॅटिक असर्टने तपासायचं. तो आधीचा कास्ट विसरला तर १६ बिटांचा आकडा साइन्ड इंट बनतो आणि -१.० च्या बीएफ८० ला वरच्या बिटावर ओव्हरफ्लो होतो. ते वेगळंच अनडिफाइन्ड, म्हणजे स्टँडर्डने कसलीच हमी न दिलेलं, प्रकरण. शिफ्टमुळे बाइटांचा क्रमही प्रोसेसरवर अवलंबून राहत नाही. काही मीटर खालचं रजिस्टर आधी पाठवतात, तिथे फक्त दोन नावांची अदलाबदल पुरते.

युनियनबद्दलही तुम्ही नेमकं सांगितलंत. सी९९ च्या २००७ च्या दुरुस्तीतल्या तळटीपेने एका मेंबरमध्ये लिहून दुसऱ्यातून वाचणं स्पष्टपणे मान्य केलं, पण वाचन युनियनमधूनच व्हायला हवं. मेंबरचा पत्ता साध्या पॉइंटरमध्ये घेतला की जीसीसी हमी देत नाही. सी++ मध्ये हा मार्गच नाही. तिथे मेमकॉपी, किंवा सी++२० पासून बिट_कास्ट.

सगळ्यात जास्त डोळे उघडले ते दोन टिपणांनी. कॅरेक्टर टाइपची सवलत एकतर्फी आहे: फ्लोटचे बाइट कॅरेक्टर पॉइंटरने वाचता येतात, पण कॅरेक्टर ॲरे म्हणून जाहीर केलेला यूएआरटीचा (सीरियल पोर्टचा) बफर फ्लोट पॉइंटरने वाचता येत नाही. आणि एआरएम प्रोसेसरच्या बेअर-मेटल (ऑपरेटिंग सिस्टिमशिवायच्या) जीसीसीमध्ये यूइंट३२_टी म्हणजे अनसाइन्ड लाँग. अनसाइन्ड इंटही ३२ बिटांचाच, तरी टाइप वेगळा, म्हणून त्यांच्यातला कास्टही नियमाबाहेरचा. शिवाय अलाइनमेंट, म्हणजे पत्ता आकाराच्या पटीत असण्याची अट, आहेच. कॉर्टेक्स-एम० वर विषम पत्त्यावरून ३२ बिटांचा वर्ड वाचला की हार्डफॉल्ट (प्रोसेसर प्रोग्रॅम थांबवतो). एम४ साधं एलडीआर (एक वर्ड वाचायची सूचना) निभावून नेतो, पण कंपायलरने शेजारची दोन वाचनं एलडीआरडी या जोडवाचनाच्या सूचनेत जोडली की तोही फॉल्टमध्ये जातो. मेमकॉपीने हाही प्रश्न सुटतो.

-वॉल या जीसीसीच्या इशाऱ्यांच्या फ्लॅगमध्ये स्ट्रिक्ट अलायसिंगचा इशारा तिसऱ्या पातळीवर असतो आणि -ओ० वर तो मुका राहतो. म्हणून तुमच्या सांगण्याप्रमाणे रिव्ह्यूआधी एक बिल्ड -ओ२ वर, पातळी २ ठेवून काढतो. खोटे इशारे येतात, तरी वाचतो. जुन्या, कुणीच हात न लावलेल्या कोडसाठी हा नियमच बंद करणारा -एफनो-स्ट्रिक्ट-अलायसिंग फ्लॅग ठेवायला तुम्ही मोकळेपणाने सांगितलंत, लिनक्स कर्नलही त्याच फ्लॅगने बांधला जातो हे दाखवून. मात्र अलाइनमेंटचे फॉल्ट त्या फ्लॅगने थांबत नाहीत, हे तुम्ही लाल शाईने लिहिलेलं वाक्य आम्ही आमच्या बिल्ड फाइलमध्ये त्याच ओळीवर कॉमेंट म्हणून टाकलं आहे.

मॅडम, हे सगळं तुम्ही कुणाकडून काही न घेता, एकेकाचा कोड ओळीओळीने वाचून समजावलंत. त्याबद्दल मनापासून आभार. पॅक्ड स्ट्रक्टवरचं टिपण लिहायला घेतलं आहे असं कळलं. पहिली झेरॉक्स आम्हाला द्यावी ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपले नम्र,
सातपूर-अंबडचे फर्मवेअरवाले, नाशिक