तिला सांग, हा रंकाळा नाही

राजा,

परवा फोनवर मी हसले ते तुला लागलं, कळलं मला. तू लगेच "बरं आई, ठेवतो" म्हणालास आणि तुझ्या "ठेवतो"चे सगळे प्रकार मला पाठ आहेत. तुझ्या होणाऱ्या बायकोनं, त्या कोल्हापूरच्या पोरीनं, बिचारीनं साधं विचारलं होतं, "काकू, जालन्यात पण तळं आहे ना? मग संध्याकाळी मस्तच वाटत असेल." आणि मी हसत सुटले. तिच्यावर नाही रे हसले, मला तो भेळवाला आठवला. आता पप्पा झोपलेत, मला झोप नाही, आणि फोनवर बोलायला गेलं की तू नुसतं हो हो करत तिकडं दुसरंच काहीतरी टाईप करू राहतोस, म्हणून लिहूनच पाठवते. लांब आहे, नीट वाच.

आपण कोल्हापूरला अंबाबाईला गेलो होतो तेव्हा तू तिसरी-चौथीत असशील. दर्शन झाल्यावर रंकाळ्यावर गेलो. काय ते पाणी, काय तो वारा, लोक नटूनथटून कठड्यावर बसलेले, फुगेवाले, भेळेच्या गाड्या, मला तर काही सुचेचना. मी भेळवाल्याला विचारलं, दादा, उन्हाळ्यात हे पाणी कुठपर्यंत खाली जातं हो? तो बघतच राहिला माझ्याकडं. म्हणला, "कुठं जातंय ताई, हितंच की." तेव्हापासून तुझे पप्पा मला "हितंच की" म्हणून चिडवतात, आज इतकी वर्षं झाली तरी. पण खरं सांगू का, मला विचारण्यासारखं दुसरं काही सुचलंच नव्हतं. एवढं पाणी एका जागी दिसलं की आपल्याकडच्या माणसाच्या तोंडून तेच निघतं, किती आहे आणि किती दिवस पुरंल.

तू पुणं सोडून इथं येणार, बियाण्याच्या कंपनीत लागणार, म्हणजे ती पण इथंच राहणार, चार दिवसांची पाहुणी म्हणून नाही. तेव्हा तिला खरं काय ते आधी कळलेलं बरं.

गाव तसं चांगलंय. लहान नाही आणि मोठं पण नाही. २०११ च्या जनगणनेत २ लाख ८५ हजार माणूस होतं, आता किती ते रिक्षांच्या गर्दीवरून ओळखायचं. २०२३ ला महानगरपालिका झाली, समृद्धी महामार्ग बाजूनं गेला, मुंबईची वंदे भारत आधी इथूनच सुटायची, २०२५ पासून नांदेडहून येते, तरी पण भाजी घ्यायला गेलं की तीन तरी ओळखीचे भेटतात आणि तिघंही विचारतात पोराचं काय झालं. तिला हे सुरुवातीला जड जाईल. पुण्यात शेजारचा कोण ते माहीत नसतं, इथं आपल्या दारात कुठली गाडी लागली ते चार गल्ल्या पलीकडं माहीत असतं. सळयांचे कारखाने आहेत, बियाण्याचा धंदा तर १९६४ ला बारवाल्यांनी महिको काढली तेव्हापासूनचा, कामाला मरण नाही. दुखणं मोठं असलं की मात्र गाडी काढून संभाजीनगर गाठायचं, साठेक किलोमीटर. "जालना सोने का पालना" म्हणतात ना, तर पाळणा आहे खरा, उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पुसावा लागतो एवढंच, इतकी धूळ.

आता तळ्याचं. मोती तलाव आपल्या गच्चीवरून दिसतो हे तू तिला अगदी अभिमानानं सांगितलेलं दिसतंय. दिसतो, नाही कोण म्हणतंय. सप्टेंबरात सकाळी बघितला तर डोळे निवतात, बगळे, पाणकोंबड्या, पलीकडं मोतीबागेची झाडं. पप्पा रोज तिथं फिरायला जातात आणि येताना तोच एक रिपोर्ट देतात, आज पाणी अमुक दगडाला लागलंय. गणपतीला सगळं गाव तिथं लोटतं, विसर्जन बघायला आपण तुला खांद्यावर बसवून न्यायचो. पण एप्रिलमधे बघ, जलपर्णी, चिखल, वास, खिडकी लावून घ्यावी लागते. लेक व्ह्यू लेक व्ह्यू म्हणतात ना ते वर्षातून पाच-सहा महिने, बाकीचे महिने नुसता व्ह्यू.

मी शाळेत इतिहास शिकवायचे तेव्हा पोरांना सांगायचे, हा तलाव कुणी करमणुकीसाठी नाही बांधला. जमशेदखानानं बांधला, काळी मशीद बांधली तोच जमशेदखान, आणि तलावातून जमिनीखालून नळ टाकून गावातल्या हौदांत पाणी खेळवलं. सगळ्यात मोठा हौद सराईच्या चौकात होता. गावाच्या चलतीच्या काळात अशी पाच तळी होती म्हणतात. म्हणजे बघ, मोटार नाही, लाईट नाही, आणि माणसं पाणी भरत होती. आणि आज आपण, तलाव गच्चीवरून दिसतोय आणि नळाला येतं ते पैठणच्या नाथसागराचं पाणी, अंबडमार्गे पाईपलाईननं. तळ्याकाठी राहून आपण गोदावरी पितो. हे तिला सांगितलंस तर ती हसेल बघ, आणि मग आपली फिटंफाट.

नव्या जालन्याचं वेगळं. तुझ्या आजोबांचं घर कादराबादला, तिकडं घाणेवाडीचं पाणी. निजामाच्या काळातला तलाव, गावापासून आठ-दहा किलोमीटरवर, आणि उंचावर, त्याच्यामुळं पाणी उतारानं आपोआप गावात येतं. आजोबांना त्याचा भारी गर्व. लाईट गेली की म्हणायचे, गेली तर गेली, आपलं पाणी काही वायरमनला विचारून येत नाही. कागदोपत्री त्याचं नाव संत गाडगेबाबा जलाशय, पण घाणेवाडीच म्हणतात सगळे. पावसाळ्यात मोंढ्यात, शाळेत, मयतीला गेलं तरी तिथं, एकच विचारणं, "घाणेवाडी किती आलं?" जसं घरात कुणी म्हातारं माणूस आजारी असल्यावर विचारतात ना, जेवले का, उठून बसले का, तसंच. आणि सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की मग काय, रविवारी गाड्याच गाड्या, भजी, कणसं, सेल्फी, पोलिसांच्या शिट्ट्या. तिच्या कोल्हापुरात रंकाळ्यावर रोज जातात, आमच्यात घाणेवाडीला वर्षातून एकदा आणि ते पण वर्ष बरं असलं तर.

वर्ष बरं नसलं तर काय होतं ते तुला माहिती आहे, तिला नाही. २०१२ चा दुष्काळ. तू सातवीत होतास. घाणेवाडी कोरडं पडलं, पार तळ उघडा. आपण बघायला गेलो होतो, आठवतंय का, जिथं भजी खायचो तिथून खाली उतरलो आणि सरळ चालत आत गेलो, भेगाळलेली जमीन, तू भेगेत हात घालून बघत होतास किती खोल आहे, आणि मी ओरडत होते विंचू असंल म्हणून. मग गावातल्या लोकांनी वर्गणी करून गाळ काढायला घेतला, पोकलेन लागले, शेतकरी ट्रॅक्टर लावून गाळ शेतात न्यायचे. पप्पा पण जाऊन उभे राहायचे तिथं, काम काय करायचे देव जाणे, पण घरी यायचे ते डोक्यापासून पायापर्यंत मातीनं भरून. तू तिथून आणलेला शिंपला अजून शोकेसमधे आहे, तुझ्या स्कॉलरशिपच्या ढालीशेजारी. पुढच्या पावसाळ्यात पाणी आलं तेव्हा आजोबा रडले होते. तुला सांगितलं नव्हतं कुणी.

त्या वर्षी आपल्याकडं टँकरची काय अवस्था होती ते लिहीत नाही, परत सगळं डोळ्यापुढं येतं. कपडे धुतलेल्या पाण्यानं फरशी पुसायची, ते पाणी संडासला, भांड्यांचं पाणी कढीपत्त्याला. तू अंघोळीला एक बादली घेतलीस की मी दारात उभी राहून मोजायचे. आईनं पोराची अंघोळ मोजावी, काय दिवस होते.

हे मी का सांगू राहिले. मागच्या महिन्यात ती आली होती ना तुझ्याबरोबर. लई गोड पोरगी आहे, आल्या आल्या आजीच्या पाया पडली, पोळ्या लाटायला बसली, पप्पांना तर तिनं एका दिवसात खिशात टाकलं. पण सकाळी ब्रश करताना बेसिनचा नळ चालूच. दात घासून होईपर्यंत चालूच. आजी बाहेर खुर्चीवर बसलेली, आवाज ऐकू राहिली आणि तोंडानं "राम राम राम" सुरू. नंतर जेवणं झाल्यावर हौसेनं भांडी घासायला उभी राहिली, नळ पूर्ण सोडून. त्या दिवशी नळाला येऊन सहा दिवस झाले होते आणि पुढचा टर्न कधी ते कुणालाच माहीत नव्हतं, वरच्या टाकीत हातभर पाणी. मी काही बोलले नाही. तुझ्या पप्पांनी माझ्याकडं बघितलं, मी पप्पांकडं बघितलं, आणि आम्ही दोघं टीव्ही बघत बसलो. दुपारी गुपचूप दोन टिपाडं बोअरवाल्या शेजाऱ्यांकडून भरून घेतली.

आधी मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण संध्याकाळी ती आजीजवळ बसून सांगत होती, २०१९ ला पंचगंगेला पूर आला तेव्हा त्यांच्या घरात कमरेइतकं पाणी, तिची दहावीची सर्टिफिकेटं, आईच्या साड्या, गादी, सगळं गेलं, पाणी उतरल्यावर आठ दिवस बादल्यांनी पाणी बाहेर फेकत होते. २०२१ ला परत पूर, तेव्हा आधीच माळ्यावर सामान टाकलेलं. तेव्हा मला वाटलं, हिला पाणी बाहेर काढायची सवय आणि आपल्याला घरात कोंडायची. आम्ही पावसाची वाट बघत आभाळाकडं बघतो, ती पाऊस दोन दिवस थांबला नाही की सामान उचलायला लागते. तिचं काय चुकलं त्यात. आणि एक सांगू, २०१६ च्या एप्रिलमधे लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते तिच्याच बाजूच्या मिरजेहून आलेलं, तेव्हा त्या बाजूच्या माणसाला पाण्यावरून बोलायला माझी तरी जीभ रेटत नाही.

पण राहायचं इथं आहे. तेव्हा हळूहळू काही गोष्टी तिच्या कानावर घाल. कॅलेंडरवर मी लाल पेननं गोल करते तो कुणाचा वाढदिवस नसतो, नळ आलेला दिवस असतो. त्या दिवशी काहीही असू दे, लग्न असू दे, पाहुणे असू दे, घरात एक माणूस थांबतंच. मोटार कधी लावायची, आधी खालचा हौद मग वरची टाकी, पिण्याचं वेगळं गाळून ठेवायचं, आणि कोपऱ्यातल्या निळ्या टिपाडाला हात लावायचा नाही, ते अडीअडचणीचं. हे सगळं ती आठ दिवसांत शिकेल, हुशार आहे, माझ्याहून नीट करेल. मी लग्न होऊन आले तेव्हा तर मी रांजण सांडला होता, अख्खा. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या त्या ओल्या जागेकडं बघत बसल्या. ते बघणं मला चाळीस शिव्यांपेक्षा जड गेलं, आणि म्हणूनच मला तसं बघायचं नाही.

आणि हो, तिच्या घरचे मे मधला मुहूर्त म्हणू राहिले ना, त्यांना प्रेमानं नाही म्हण. मे मधे जालन्यात तीनशे पाहुण्यांचे पाय धुवायचे म्हणजे मला बीपीची गोळी वाढवावी लागंल. डिसेंबर बघा. तोपर्यंत तलाव भरलेले असतात, हवा छान, मोसंबी पण असते. किंवा त्याच्या आधी एकदा तिला पावसाळ्यात घेऊन ये, घाणेवाडी सांडव्यावरून वाहत असलं तर नेऊ, भजी खाऊ, म्हणजे तिला पण वाटेल की काकू उगाच रडगाणं गात नव्हत्या आणि इथं पण बघण्यासारखं काहीतरी आहे.

नळाचं तिला तूच सांग, माझ्या तोंडून नको, सासूनं पहिलं वाक्य नळावरून बोललं असं व्हायला नको. सांगताना आजीचं राम राम सांगू नको, आणि टिपाडं भरून घेतली ते तर अजिबात नको, पोरगी जीवाला लावून घेईल. हे पत्र दाखवायचंच असेल तर भेळवाल्यापर्यंतच दाखव.

आई