गुडघा सुजला, तर डोळाही तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डोळा लाल झाला की ‘डोळे आले’ म्हणून औषधाच्या दुकानातून थेंब आणायची आपली सवय आहे. डोळे येतात तेव्हा चिपडं येतात, पापण्या चिकटतात. युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतला दाह, असेल तर चिपडं नसतात. डोळा आतून ठणकतो, उजेड सोसवत नाही, नजर धूसर होते. पण हा दाह स्त्री-पुरुषांत सारखा वागत नाही आणि लहान मुलींमध्ये तर बहुधा डोळा लालही होत नाही.

बालसंधिवातात डोळ्याला धोका सर्वांत जास्त कुणाला? सहा वर्षांच्या आत आजार सुरू झालेल्या, चारपर्यंतच सांधे सुजलेल्या, रक्तात एएनए (शरीराच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडे) पॉझिटिव्ह असलेल्या मुलांना, आणि त्यांत मुलीच जास्त. डोळा पांढरा स्वच्छ दिसतो, दुखत नाही, मूल तक्रार करत नाही. शाळेतल्या तपासणीत ती तक्त्यावरची अक्षरेही वाचते. आत मात्र दाहाच्या पेशी तरंगत असतात आणि त्या फक्त स्लिट लॅम्पवर, म्हणजे नेत्रतज्ज्ञाच्या प्रकाशझोत असलेल्या सूक्ष्मदर्शकावर, दिसतात, टॉर्चने नाही. तोवर बाहुलीची कड भिंगाला चिकटते. पुढे मोतीबिंदू, काचबिंदू होऊ शकतो. म्हणून अशा मुलीची स्लिट लॅम्प तपासणी दर तीन महिन्यांनी व्हायलाच हवी. गुडघा बरा झाला म्हणून ती थांबवू नका, दोघांची चाल वेगळी असते.

एचएलए-बी२७ या जनुकाशी निगडित, अचानक येणारा डोळ्याचा दाह पुरुषांत अधिक. त्याच्यासोबत पाठीच्या कण्याचा संधिवातही असू शकतो. त्यामुळे तरुणाला पाठीबद्दल विचारले जाते. बाईची पाठदुखी मात्र बाळंतपणाच्या खाती जमा होते. सकाळी पाठ अर्धा तास ताठ राहते का, हालचालीने मोकळी होते का, हे तिलाही विचारा.

गरोदरपणाच्या शेवटच्या सहा महिन्यांत दाह बहुधा शमतो आणि बाळंतपणानंतर सहा महिन्यांच्या आत उसळू शकतो. नेमकी तेव्हा ती माहेरी असते, डॉक्टर बदललेले असतात. डोळ्याची फाइल सोबत न्यावी आणि बाळंतपणानंतर तपासणीची तारीख आधीच ठरवून ठेवावी. दाह आवरण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मेथोट्रेक्सेट आणि मायकोफेनोलेट या गोळ्यांनी गर्भाला व्यंग येऊ शकते. मूल हवे असेल तर पहिली साधारण तीन महिने आणि दुसरी किमान सहा आठवडे आधी बंद करावी लागते, पण डॉक्टरांनी पर्याय दिल्यावरच. परस्पर बंद केली तर दाह परततो. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेतते.

स्टेरॉइडचे थेंब हळूहळूच कमी करायचे असतात. एकदम थांबवले तर दाह उलटतो, मनाने चालू ठेवले तर डोळ्यातला दाब वाढतो. बालरोगतज्ज्ञ आणि अस्थिरोगतज्ज्ञांना विनंती, की सुजलेल्या गुडघ्याच्या चिठ्ठीवरच ‘स्लिट लॅम्प तपासणी’ असे लिहावे.

— एक नेत्रतज्ज्ञ व एक संधिवाततज्ज्ञ, पुणे