कार्यशाळांना जाऊन मला काय मिळतं, ते सविस्तर

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बाबांनी विचारलं की सुट्टीच्या दिवशीसुद्धा तू त्या नाटकाच्या कार्यशाळांना पळतेस, परिषदांना जातेस, त्याने पगार वाढतो का, बढती मिळते का. तासाची घंटा झाली होती म्हणून मी 'नंतर सांगते' म्हणाले आणि फोन ठेवला, पण हे फोनवर काही नीट सांगता येणार नाही म्हणून लिहितेय. पगार नाही वाढत बाबा. सर्टिफिकेट मिळतं, ते फाईलला लागतं. पण मुलांसमोर उभी राहिल्यावर मी काय बोलते, कधी गप्प बसते, कुठला प्रश्न विचारते हे सगळं गेल्या काही वर्षांत बदललंय आणि ते तिथे जाऊन बदललंय, एवढं मला पक्कं माहितीये.

आई, तुझी समजूत अशी की मी शाळेत नाटकं बसवते. बसवते ना, कार्यक्रम असला की बसवते. पण एरवी आठवडाभर जे चालतं त्यात स्क्रिप्ट नसते, पाठांतर नसतं, स्टेज नसतं आणि बघणारंही कुणी नसतं. मुलं एका प्रसंगात शिरतात, तिथली माणसं होतात, निर्णय घेतात, भांडतात, आणि त्यातून इतिहास म्हणा, भाषा म्हणा, एकमेकांशी वागणं म्हणा, शिकत जातात. हे घडवून आणायचं काम माझं. अडचण अशी की शाळेत हे काम करणारी मी एकटी. गणिताच्या शिक्षकांना एखादा धडा जमेना तर बाजूच्या खुर्चीत विचारायला कुणीतरी असतं, नाटकाची बाई मात्र बहुतेक शाळांत एकच. त्यामुळे माझी स्टाफरूम म्हणजे या कार्यशाळा आणि परिषदाच.

तिथे बघितलेला एक तास सांगते. दहा-अकरा वर्षांची मुलं, तास घेणाऱ्या बाईंना पहिल्यांदाच भेटत होती, आणि आम्ही शिक्षक वह्या घेऊन भिंतीला टेकून बसलेलो. बाईंनी मुलांना सांगितलं, तुम्ही एका म्युझियमचे तज्ज्ञ आहात, जुन्या वस्तू सांभाळणं हे तुमचं काम. मग मुलांनी वस्तूंची यादी केली, लेबलं लिहिली, काय कुठे ठेवायचं यावर वाद घातला, बराच वेळ नुसतं एवढंच चाललेलं. मग बाईंनी खुर्चीवरची शाल उचलून खांद्यावर घेतली, दारापाशी गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या आजीची पेटी तुमच्याकडे आहे म्हणे. ती मला परत हवीये." म्हातारीची नक्कल नाही, कमरेत वाकणं नाही, फक्त उभ्या अशा राहिल्या की मुलं मोठी माणसं आणि त्या काहीतरी मागायला आलेल्या. मुलं आधी नियम सांगायला लागली, वस्तू बाहेर देता येत नाहीत, कागदपत्रं दाखवा वगैरे, आणि तेवढ्यात मागे बसलेली एक मुलगी, जिने तोवर तोंडही उघडलं नव्हतं, तिने विचारलं, "मग इतकी वर्षं तुम्ही का नाही आलात?"

बाई लगेच बोलल्याच नाहीत. ती शांतता इतकी लांबली की आमच्यातल्या एकदोघी चुळबुळ करायला लागल्या. मग म्हणाल्या, "ती इथे आहे हे मला कुणी सांगितलंच नाही."

आणि वर्गाचा नूरच पालटला. ही पेटी इथे आली कशी, कुणी आणली, विचारून आणली का, हे मुलंच एकमेकांना विचारायला लागली. बाईंनी शाल काढून खुर्चीवर ठेवली, पुन्हा शिक्षिका झाल्या आणि म्हणाल्या, "काय उत्तर द्यायचं आपण त्यांना?"

नंतर आम्ही दीड-दोन तास त्याच तासाची चिरफाड करत बसलो आणि खरं शिकणं ते होतं. शाल का, तर शाल अंगावर आहे तोवर मी ती बाई, काढली की मी तुमची शिक्षिका, हे मुलांना न सांगता कळतं. हुकूम देणारं पात्र न घेता मागायला आलेलं पात्र का घेतलं, तर त्यामुळे ठरवायचा अधिकार मुलांच्या हातात जातो. आणि आधी एवढा वेळ लेबलं का लिहून घेतली, तर तज्ज्ञ असल्याचं मुलांना मनापासून वाटल्याशिवाय त्यांचा निर्णय खरा होत नाही. पुस्तकात हे सगळं असतं, मी वाचलंही होतं, पण त्या शांततेत किती थांबायचं ते माणसाला थांबताना बघूनच कळतं.

शिक्षकानेच एखादं पात्र होऊन वर्गात यायची ही पद्धत इंग्लंडच्या डोरोथी हीथकोट यांची, तिला टीचर इन रोल म्हणतात आणि मुलांना तज्ज्ञ करण्याच्या पद्धतीला मॅन्टल ऑफ द एक्स्पर्ट. बाबा, तुम्हाला ही बाई आवडेल. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, लोकरीच्या गिरणीत मागावर कामाला लागल्या, पुढे नाटक शिकल्या आणि शिक्षिकेचं रीतसर ट्रेनिंग नसताना विद्यापीठात शिक्षकांना शिकवायला लागल्या. २०११ साली गेल्या, पण आजही कुठल्याही परिषदेत त्यांचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही.

दुसरं म्हणजे तिथे आम्हाला मुलांच्या जागी उभं करतात, आणि मला वाटतं मोठ्या माणसांना याची फार गरज असते. ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगस्टो बोआल यांनी फोरम थिएटर नावाचा प्रकार आणला, १९७१ मध्ये तिथल्या लष्करी राजवटीने त्यांना अटक केली होती आणि मग वर्षानुवर्षं देशाबाहेर राहावं लागलं, त्या काळात हे काम रूपाला आलं. अन्यायाचा एक छोटा प्रसंग करतात, तो वाईट संपतो, मग तोच पुन्हा सुरू करतात आणि बघणाऱ्यातलं कुणीही 'थांबा' म्हणून उठतं, ज्याच्यावर अन्याय होतोय त्याची जागा घेतं आणि काही वेगळं करून बघतं. आमचा प्रसंग होता ग्रुपमधून बाहेर काढलेल्या मुलीचा. मी उठले, वाक्यं मनात तयार होती, आणि समोरच्या तिघींनी पाठ फिरवल्याबरोबर ती वाक्यं कुठच्या कुठे गेली. खोटं आहे हे माहीत असूनही पोटात खड्डा पडला. तेव्हापासून माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलाला मी "सरळ जाऊन बोल की त्यांच्याशी" असं म्हणत नाही. आम्ही आधी तो प्रसंग उभा करतो, चार जण चार मार्गांनी करून बघतात, काय चाललं काय नाही ते तीच सांगतात.

यातच एक मोठी जबाबदारी असते. कुठल्याही मुलाला स्वतःचं दुखणं सगळ्यांसमोर करून दाखव म्हणायचं नाही. दुसऱ्या कुणाची गोष्ट द्यायची, दुसरं नाव, दुसरं गाव, म्हणजे मूल त्या आडोशाने हवं तेवढंच जवळ जातं आणि नको वाटलं की बाहेर येतं. आणि भूमिकेतून बाहेर यायला शेवटी वेळ ठेवायचाच, घंटा झाली तरी. याबाबतीत मी आता कडक झालेय.

भाषणं असतात, काही चांगली, काही मी वहीत पुढच्या तासाची आखणी करत ऐकते. एका भाषणात कळलं की थिएटर इन एज्युकेशनची, म्हणजे नटमंडळींनी शाळांत जाऊन नाटकातून शिकवण्याची, सुरुवात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरमध्ये १९६५ ला झाली आणि मुला-तरुणांच्या रंगभूमीची जागतिक संघटना असितेज, तीही पॅरिसमध्ये त्याच साली, मला ते ऐकून उगाचच आनंद झाला. नुसत्या खेळांचा मारा करणाऱ्या कार्यशाळांना मात्र मी आता जात नाही. खेळ वाईट नाहीत गं आई, शिकागोत स्थलांतरितांच्या मुलांबरोबर काम करताना व्हायोला स्पोलिन यांनी जे खेळ रचले ते मी रोज वापरते, पण त्यांच्या प्रत्येक खेळात लक्ष कुठे ठेवायचं ते ठरलेलं असतं आणि शिक्षक खेळ न थांबवता बाजूने सूचना देत राहतो. ते काढून टाकलं की नुसती धावपळ उरते. म्हणून मी आधी बघते, खऱ्या मुलांबरोबर तास दाखवणार आहेत का आणि नंतर प्रश्न विचारायला वेळ आहे का. नसेल तर घरी बसून वाचलेलं बरं.

मुख्याध्यापकांना पटवायलाही तिथलंच कामी आलं. युरोपात २००८ ते २०१० या काळात डाइस नावाचा अभ्यास झाला, १२ देशांतली १३ ते १६ वयाची मुलं, आणि नाटकाचं शिक्षण मिळालेल्या मुलांना वाचताना, बोलताना जास्त आत्मविश्वास वाटतो असं त्यात दिसलं. ते दाखवल्यावर नाटकाचा तास परीक्षेच्या आधी दुसऱ्या विषयाला देऊन टाकायचं बंद झालं.

पण बाबा, खरी कमाई म्हणजे तिथे भेटलेल्या दोन मैत्रिणी. वेगवेगळ्या शाळांत आहोत, महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉल करतो, प्रत्येकीने आपल्या एका तासाचं रेकॉर्डिंग ऐकायचं आणि आपण विचारलेले प्रश्न लिहून आणायचे. ज्या प्रश्नाचं उत्तर बाईंना आधीच माहितीये असा प्रश्न दिसला की त्यावर खूण करायची. हळूहळू त्या खुणा कमी होतायत आणि माझ्या वर्गातली मुलं जास्त बोलायला लागलीयत.

पुढच्या परिषदेत पहिल्यांदाच मला तास दाखवायला बोलावलंय, शिक्षक भिंतीला टेकून बसणार आणि मी मुलांबरोबर. विषय ठरवलाय, धरणात बुडणारं गाव, मुलं तिथली सर्वेक्षण करणारी माणसं. तयारी जोरात चालू आहे. आई, तू इतकी वर्षं पोरांना शिकवलंस, परिषदेच्या आधी एकदा माझ्या वर्गात मागे बसून हा तास बघशील का? आणि मी कुठे घाई करते ते लिहून ठेव, मला खरंच हवंय. बाबा, तुम्हीही या.

तुमची लेक