कल्लमेडूची हाडे गेली, पिसदुऱ्याची तरी राखा

मा. केंद्रीय खाण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

महोदय,

पृथ्वीवरचा सर्वांत मोठा डायनोसॉर कदाचित आपल्या तामिळनाडूत होऊन गेला, पण ते सिद्ध करण्यासाठी लागणारी हाडे आपण गमावून बसलो आहोत. आपल्या मंत्रालयाच्या अखत्यारीतील भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे यादगिरी आणि अय्यासामी यांनी कल्लमेडू येथील अवशेषांना ‘ब्रुहत्कायोसॉरस’ हे नाव दिले. त्यातील नडगीचे हाड सुमारे दोन मीटर लांब असल्याची नोंद आहे. आधी मांसाहारी समजला गेलेला हा प्राणी पुढे लांब मानेच्या शाकाहारी गटात गणला जाऊ लागला आणि 2023 मध्ये दोन परदेशी अभ्यासकांनी त्याचे वजन 110 ते 170 टन असावे, असा अंदाज मांडला. हे वजन अर्जेंटिनोसॉरस या अर्जेंटिनातील महाकाय डायनोसॉरहूनही बरेच अधिक भरते. मात्र मूळ हाडे ठिसूळ होऊन भुगा झाल्यामुळे हा अंदाज तपासण्यास आज काही रेखाचित्रे आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेली जुनी छायाचित्रे एवढेच उरले आहे. ते अवशेष म्हणजे झाडाचे खोड तर नव्हे, अशी शंका जगाने घेतली, यात जगाचा दोष मला दिसत नाही.

अर्जेंटिनातीलच पॅटागोटायटन या दुसऱ्या महाकाय डायनोसॉरचे उलट आहे. त्याची शंभराहून अधिक हाडे जपली गेली आणि त्यांवरून बनवलेला सुमारे 37 मीटर लांबीचा सांगाडा 2016 पासून न्यूयॉर्कच्या संग्रहालयात उभा आहे.

हे पत्र मराठीत लिहिण्याचे कारण चंद्रपूर जिल्हा आहे. डोंगरगाव येथे सापडलेल्या सांगाड्यावरून ‘इसिसॉरस’ हा लांब मानेचा डायनोसॉर ओळखला गेला. त्याच जिल्ह्यातील पिसदुऱ्याच्या अश्मीभूत विष्ठेत तर गवताचे सूक्ष्म अंश मिळाले आणि डायनोसॉरांच्या काळी गवत होते, हे 2005 मध्ये जगाला कळले. असा ठेवा तेथे आजही उघड्या शिवारात, नांगराच्या आणि पावसाच्या तोंडी आहे.

आपल्या मंत्रालयाने डिसेंबर 2022 मध्ये भूवारसा स्थळांच्या जतनाविषयीच्या विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध केला होता. तो संसदेपुढे आणावा आणि त्यात एक तरतूद स्पष्ट असावी: कोणतेही मोठे हाड जागेवरून हलवण्यापूर्वी त्याचे त्रिमितीय स्कॅनिंग सक्तीचे करावे आणि ती नोंद सर्व अभ्यासकांना खुली ठेवावी. प्लास्टरचे वेष्टन चढवून हाड पावसाळ्यापूर्वी सुरक्षित छताखाली नेण्याची जबाबदारीही नेमक्या अधिकाऱ्यावर टाकावी. एवढ्यासाठी फार मोठा निधी लागेल, असे मला वाटत नाही.

आपला नम्र,
विदर्भातील एक नागरिक