खुन्याचे नाव छापले, चित्रकाराचे नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतील ऐतिहासिक रहस्यकादंबऱ्यांवरचा लेख वाचला. इतिहास, चित्रकला आणि रहस्य यांची सांगड घालणाऱ्या पुस्तकांना मराठी वृत्तपत्राने अख्खे पान दिले याचा आनंद झाला, पण तो तिसऱ्या परिच्छेदापर्यंतच टिकला. तिथे लेखकमहाशयांनी तुर्की कादंबरीकार ओरहान पामुक यांच्या ‘माय नेम इज रेड’ या कादंबरीतील खुन्याचे नाव सरळ लिहून टाकले आहे, आणि या कादंबरीत रहस्य हे केवळ निमित्त असल्यामुळे ते सांगितल्याने वाचकाचे काही बिघडत नाही, असा खुलासाही वर जोडला आहे. बिघडते, आणि पुष्कळ बिघडते.

माझी भाची चित्रकलेचे शिक्षण घेते. तिला ही कादंबरी मीच दिली होती आणि ती निम्म्याच्या पुढे गेली होती. तिने एका वहीत तीन रकाने आखले होते. फुलपाखरू, करकोचा आणि ऑलिव्ह अशी टोपणनावे असलेले तिन्ही संशयित चित्रकार आपापल्या प्रकरणांत काय बोलतात, कशाच्या उपमा देतात, कोणत्या रंगाचा उल्लेख वारंवार करतात, हे ती त्या रकान्यांत टिपत होती; कारण खुनी स्वतःच्या प्रकरणांत नाव लपवून बोलतो आणि माझे शब्द व माझे रंग यांवरून मला ओळखून दाखवा, असे आव्हान वाचकाला देतो. रविवारी सकाळी चहा घेताना तिच्या हाती आपली पुरवणी पडली. तिने मला फोन केला तेव्हा तिला रडू आवरत नव्हते, आणि त्यात पोरकटपणा होता असे मला मुळीच वाटत नाही. इतके दिवस डोळे ताणून जे शोधायचे, ते कुणीतरी एका ओळीत हातावर ठेवले, तर दुसरे काय होणार? ती वही तिने तशीच अर्धवट ठेवून दिली आहे.

मी अनेक वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. मुलांना चित्र ‘बघायला’ लावणे किती अवघड असते, हे मला ठाऊक आहे. ही कादंबरी ते काम करते, आणि रहस्याच्या जोरावरच करते. 1591 सालचे बर्फाळ इस्तंबूल, तुर्कस्तानचा ऑटोमन सुलतान तिसरा मुराद गादीवर, त्याच्यासाठी गुपचूप तयार होत असलेला चित्रग्रंथ, आणि त्या कामावरच्या एका सोनेरी नक्षीकाराचा खून. प्रेताजवळ घोड्यांची रेखाटने असलेला कागद सापडतो. एका घोड्याच्या नाकपुड्या जरा वेगळ्या काढलेल्या असतात, आणि तो हात कुणाचा हे ओळखण्यासाठी वयोवृद्ध उस्ताद उस्मान सुलतानाच्या खजिन्यात बसून शेकडो जुनी चित्रे पाहतो. चित्रकाराने स्वतःची शैली दाखवणे हा तिथे दोष मानला जातो, आणि या दोषाचाच इथे पुरावा होतो. हेरात आणि तबरीझच्या जुन्या इराणी शैलीच्या उस्तादांची परंपरा काय होती, व्हेनिसच्या व्यक्तिचित्रांनी ती का हादरली, हे सारे वाचक खुनी शोधता शोधता शिकतो. रहस्य काढून घेतले की तो नाकपुड्यांकडे पाहीलच कशाला? ‘केवळ निमित्त’ म्हणून ज्याची बोळवण केली, त्या धाग्यावरच सारा इतिहास ओवलेला आहे.

उस्मान हा पामुकांच्या कल्पनेतला माणूस नव्हे. तिसऱ्या मुरादच्या चित्रशाळेचा तो खराखुरा प्रमुख होता आणि 1582 सालच्या शहजाद्याच्या सुंतेच्या सोहळ्याचा त्याच्या देखरेखीखाली झालेला चित्रग्रंथ इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्याच्या संग्रहात आहे. कादंबरीत त्याने खजिन्यात उघडलेला इराणच्या शाह तहमास्पचा शाहनामा, म्हणजे इराणी राजांच्या महाकाव्याची सचित्र प्रत, हीही खरीच. 258 चित्रांचा हा ग्रंथ 1568 मध्ये इराणहून सुलतानाला नजर झाला आणि विसाव्या शतकात एका अमेरिकी संग्राहकाने त्याची पाने सुटी करून टाकली. कादंबरी संपवून जो वाचक त्या पानांचा माग काढत जातो, तो कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या वाचकापेक्षा अधिक दूर जातो.

आता त्या लेखासोबतच्या चित्राविषयी. ‘ऑटोमन दरबारातील चित्रकला’ अशी ओळ खाली छापून जे चित्र आपण दिले आहे, ते अकबरनाम्यातील आहे. यमुनेवरचा होड्यांचा पूल खचतो आहे आणि तरुण अकबर हवाई नावाच्या बेफाम हत्तीवर बसून दुसऱ्या हत्तीचा पाठलाग करतो आहे, हे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे आणि आपल्याकडच्या कलाविद्यार्थ्यांना ते अनोळखी नाही. तहमास्पच्याच पदरी असलेले मीर सय्यद अली आणि अब्दुस समद हुमायूनकडे आले आणि त्यांच्या हाताखाली मुघल चित्रशाळा घडली, त्यामुळे मुघल आणि ऑटोमन या दोन्ही परंपरांत इराणमार्गे नाते आहे, हे मान्य. तरीही हत्तीची ती धावती पाठ आणि पाण्यातली ती धांदल उस्मानच्या शांत, सपाट, रांगेत उभ्या माणसांच्या चित्रांशेजारी ठेवून पाहिली, तर शाळकरी मुलालाही फरक दिसेल. ज्या कादंबरीत एका हाताचे काम दुसऱ्याचे म्हणून खपू नये यासाठी म्हातारा उस्ताद डोळ्यांचे पाणी करतो, तिच्याच लेखाला भलतेच चित्र लावावे, हे मला फार लागले.

आणखी एक. चित्राखाली श्रेय म्हणून ‘संग्रहित’ एवढेच छापले आहे. अकबराच्या चित्रशाळेत मांडणी कुणाची आणि रंगकाम कुणाचे हे कारकून समासात टिपून ठेवत. म्हणूनच या चित्राची मांडणी बसावनची आणि रंगकाम चेतरचे, हे चारशे वर्षांनंतरही आपल्याला सांगता येते. त्या कारकुनांनी जपलेली नावे आपल्या पानावर गळून पडली.

लेखकमहाशयांच्या अभ्यासाबद्दल मला आदर आहे आणि त्यांनी या पुस्तकांवर पुन्हा लिहावे असेच मला वाटते. मात्र खुन्याचे नाव सांगणे अटळच असेल, तर निदान लेखाच्या आरंभी तशी ठळक सूचना द्यावी. चित्राविषयीची दुरुस्ती कृपया पुढच्या रविवारी त्याच पानावर, बसावन आणि चेतर यांच्या नावांसह छापावी, आणि जमल्यास उस्मानच्या ग्रंथातले एखादे चित्रही सोबत द्यावे.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त कलाशिक्षिका, कोल्हापूर