90 दिवसांचा व्हिसा, 141 दिवसांचं तिकीट

सांगली, 13 डिसेंबर 2025

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,
मुख्य कार्यालय, मुंबई

विषय: जर्मनीच्या व्हिसाबाबत दिलेली चुकीची माहिती, अर्जात परस्पर घातलेली तारीख आणि नुकसानभरपाई

काल सकाळी 11.20 वाजता तुमच्या प्रवासी कंपनीच्या सांगली शाखेतल्या व्हिसा विभागप्रमुखांशी माझं बोलणं झालं. या प्रकरणातला हा सहावा फोन. सातवा होणार नाही. यापुढे जे असेल ते लेखी.

माझी मुलगी श्टुटगार्टला असते. तिच्या बाळंतपणाची तारीख 18 मार्च आहे. मी आणि माझी पत्नी तिच्याकडे जाणार म्हणून ऑक्टोबरमध्ये व्हिसा, तिकीट आणि विमा अशी तिन्ही कामं तुमच्यावर सोपवली. सेवाशुल्क माणशी 11,000 रुपये, रोख भरले. पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं की तिथे किती दिवस राहता येईल. उत्तर मिळालं, "सहा महिने, काका. जानेवारीत तिकीट स्वस्त आहे, लवकरच निघा." त्याप्रमाणे 5 जानेवारीला फ्रँकफर्टला उतरायचं आणि 25 मेला निघायचं, अशी तिकिटं तुम्हीच काढलीत. म्हणजे 141 दिवस.

शेंगेनच्या, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या 29 देशांच्या सामाईक, अल्पमुदतीच्या व्हिसावर कोणत्याही 180 दिवसांत फक्त 90 दिवस राहता येतं, सगळ्या देशांत मिळून 90, आणि उतरल्याचा व निघाल्याचा असे दोन्ही दिवस त्यात धरतात. हे तुम्हाला मी सांगावं अशी परिस्थिती नाही. तुमचा तो रोजचा धंदा आहे. मग तुमच्या शाखेत ग्राहकाला 180 चा आकडा सांगतात आणि 90 चा गाळतात, हे कसं?

पासपोर्ट हातात आले तेव्हा स्टिकरवर मुदत 5 जानेवारी ते 19 एप्रिल, मुक्काम 90 दिवस आणि प्रवेशांच्या रकान्यात 01. मी अर्जाची प्रत मागितली. चार दिवस मिळाली नाही. मिळाली तेव्हा दिसलं की परतीची तारीख 4 एप्रिल घातली आहे आणि सोबत त्याच तारखेचं एक वेगळं आरक्षण जोडलं आहे, जे मी कधी पाहिलंही नव्हतं. वकिलातीला एक तारीख, मला दुसरी. अर्जाखाली सही माझी आहे. उद्या कुणी खोटेपणाचा ठपका ठेवला तर तो माझ्यावर येईल, तुमच्या शाखेवर नाही.

आता कालचा फोन. पत्नी शेजारी बसली होती म्हणून मी स्पीकर लावला होता. मी विचारलं, 4 एप्रिलला नव्वद दिवस संपल्यावर आम्ही काय करायचं? साहेब म्हणाले, "एप्रिलच्या सुरुवातीला चार दिवस लंडनला जाऊन या, परत नव्वद दिवस नव्याने चालू होतात." मी म्हटलं, लंडनला वेगळा व्हिसा लागतो आणि तो आमच्याकडे नाही. शिवाय बाहेर जाऊन आल्याने मोजणी पहिल्यापासून सुरू होत नाही. सलग 90 दिवस राहिलो तर पुढचे 90 दिवस बाहेरच काढावे लागतात. 5 जानेवारीला गेलेला माणूस 4 जुलैच्या आत परत पाऊल ठेवू शकत नाही. आणि आमच्या स्टिकरवर तर 01 आहे, एकदा बाहेर पडलो की व्हिसाच संपला. ते म्हणाले, "ते 01 एअरलाइनसाठी असतं, तुम्ही त्यात पडू नका." मी म्हटलं, मी 31 वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे, दिवस मोजता येतात मला. त्यावर ते हसले. चक्क हसले. आणि म्हणाले, "काका, तुम्ही सिनियर सिटिझन. तिकडं तुमचे दिवस कोण मोजत बसलंय? राहा की आरामात. कुणी विचारलं तर ताईंना डॉक्टरचं सर्टिफिकेट काढायला सांगा." मी काही बोलायच्या आत फोन होल्डवर गेला. नऊ मिनिटं तुमच्या जाहिरातीची धून ऐकली आणि मग फोन कट झाला.

पत्नी काही बोलली नाही. उठून आत गेली आणि बाळासाठी शिवलेली दुपटी पिशवीतून काढून परत कपाटात ठेवली.

कोण मोजतंय याचं उत्तर देतो. 12 ऑक्टोबर 2025 पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहरा घेऊन येण्याजाण्याची संगणकात नोंद ठेवायला टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली आहे. यंत्र मोजतं. आणि यंत्र नसतं तरी मी बेकायदा राहिलो नसतो. मुलीने आमच्यासाठी तिथल्या कार्यालयात 29 युरो भरून हमीपत्र दिलं आहे. गरोदरपणी रांगेत उभं राहून तिने केलेल्या सहीला मी बट्टा लावायचा, हे तुम्ही मला सुचवता?

माझी खरी तक्रार पुढे आहे, ती नीट वाचा. 90 दिवसच मिळतात हे ऑक्टोबरमध्ये सांगितलं असतं तर ते 90 दिवस कोणते हे आम्ही ठरवलं असतं. 1 मार्चला गेलो असतो तर 29 मेपर्यंत राहिलो असतो. बाळंतपण, बाराव्याचं बारसं, सव्वा महिना, सगळं त्यात बसलं असतं. तुमच्या तारखांनी आमचे पहिले 72 दिवस वाट पाहण्यात जातात आणि बाळ 17 दिवसांचं असताना आम्हाला निघावं लागतं. पहिलटकरणीला न्हाऊमाखू घालायची वेळ तेव्हा कुठे सुरू होते. हे नुकसान कोणत्या पावतीत बसतं?

पर्याय समजावून सांगणं हे तुमच्या पत्रकावर ठळक अक्षरांत छापलं आहे. एकही पर्याय समजावला नाहीत. मुलीला ब्ल्यू कार्ड पहिल्यांदा मिळालं नोव्हेंबर 2024 मध्ये. 1 मार्च 2024 पासून ज्यांना असा कुशल कर्मचाऱ्याचा परवाना पहिल्यांदा मिळाला, त्यांच्या आईवडिलांना तिथे राहायला जाण्यासाठी अर्ज करता येतो. खर्चाची तजवीज आणि पुरेसा आरोग्यविमा दाखवावा लागतो, आणि आमच्या वयात तो विमाच अवघड आहे. आम्हाला कायमचं जायचंही नाही. पण हे मला मुलीकडून कळलं, तुमच्याकडून नाही. "आईवडिलांसाठी दुसरं काही नसतं," असं तुमचं उत्तर होतं.

विमासुद्धा 141 दिवसांचा गळ्यात मारलात. व्हिसाची फी प्रौढांना 90 युरो आहे. तुम्ही "एम्बसी फी" म्हणून माणशी 14,500 रुपये घेतलेत. फरक कशाचा, पावती कुठे?

2017 साली आम्ही तुमच्याबरोबर चारधाम केलं. रस्ता बंद पडला तेव्हा तुमच्या टूर मॅनेजरने रात्रभर जागून 38 जणांची सोय केली होती. त्या माणसाच्या भरवशावर मी शाळेतल्या चार सहकाऱ्यांना तुमच्याकडे पाठवलं. आज त्यांना काय सांगू?

मागण्या अशा. दोघांचं सेवाशुल्क आणि जादा घेतलेली फी परत. तिकिटाच्या तारखा 1 मार्च आणि 29 मे करण्याचा खर्च तुमचा. आताचा व्हिसा रद्द करून नव्याने अर्ज करावा लागेल, त्याची फी तुमची. अर्ज मात्र मी स्वतः भरणार, तुमच्या हातात माझी सही पुन्हा देणार नाही. 4 एप्रिलचं ते आरक्षण कोणी जोडलं, याचा लेखी खुलासा. आणि काल जे बोलले त्यांनी माझ्या पत्नीची माफी मागायची, माझी नाही.

29 डिसेंबरपर्यंत उत्तर आलं नाही तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल होईल. 2019 च्या कायद्याप्रमाणे ती मला माझ्या राहत्या जिल्ह्यात करता येते, तुमच्या मुंबईला यावं लागत नाही. पावत्या, स्टिकरची प्रत, अर्जाची प्रत आणि सहाही फोनच्या तारखा-वेळा सोबत जोडल्या आहेत.

आपला ग्राहक,
(सही)
निवृत्त गणित शिक्षक, सांगली